वळिवडे स्टेशनवर उतरा

चपला पायातच राहू द्या, वाळू भाजते आहे. ऑगस्ट १९४२. इराणचं पहलवी बंदर, समोर कॅस्पियन समुद्र. क्रास्नोव्होद्स्कहून आलेली मालबोट किनाऱ्यापासून जरा दूर थांबली आहे, आणि लहान होड्यांतून माणसं उतरवली जाताहेत. माणसं म्हणायचं खरं, पण त्यांतली बाई कोण, बुवा कोण, वय किती, हे पहिल्या नजरेत तुम्हाला ठरवता येत नाही. ऐन उन्हात कुणाच्या अंगात कापूस भरलेले कोट आहेत, कुणाच्या पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. काही जण उतरताच गुडघे टेकून वाळूला ओठ लावतात.

किनाऱ्याचे तारेने दोन भाग केले आहेत. अलीकडे आलेल्यांचे कपडे जाळतात, डोकी भादरतात, आंघोळ घालतात, कारण टायफस उवांवरून पसरतो. मग पलीकडच्या स्वच्छ भागात सोडतात. तिथे मटणाचा रस्सा आणि भात आहे. महिनोन् महिने उपाशी राहिलेल्या पोटाला ती चरबी सोसत नाही, आणि इतकं सगळं भोगून इथवर पोचलेली माणसं जेवून दगावतात. मुलं पाव खात नाहीत, लपवतात. आज मिळालं, उद्या मिळेलच असं नाही, हे ती दोन वर्षांत शिकली आहेत.

तंबूच्या सावलीत बसलेल्या एका बाईजवळ टेका. तिचं गाव पूर्व पोलंडमध्ये, ल्वूफ शहराच्या बाजूला. नवरा जंगलखात्यात. १९३९ च्या सप्टेंबरात १ तारखेला पश्चिमेकडून जर्मन फौज आली आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री दार वाजलं. अर्ध्या तासात सामान बांधा म्हणाले. पुढे मालगाडीचा डबा, मधोमध एक शेगडी, शौचाला फळीत पाडलेलं भोक, आणि आठवड्यांनंतर उत्तरेकडचं अर्खांगेल्स्क, जिथे झाडं तोडली तर पाव मिळायचा. अशी लाखो माणसं सैबेरियात, कझाकस्तानात, उत्तरेच्या जंगलांत नेली गेली. मग जून १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला, रशियाला मित्रांची गरज पडली, आणि ३० जुलै १९४१ च्या करारानंतर या लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता, हे कुणी सांगितलं नाही. जनरल अँडर्स पोलिश फौज उभी करत होते. तिच्या मागे मागे ही कुटुंबं रेल्वेने, बैलगाडीने, पायी दक्षिणेला सरकत राहिली. दोन खेपांत मिळून एक लाखाहून जास्त माणसं सोव्हिएत रशियाबाहेर पडली. त्यातला साधारण तिसरा हिस्सा बायका, मुलं, म्हातारे.

फौज सगळ्यांना हवी आहे. बायकामुलं कुणाला हवीत, हा प्रश्न पहलवीच्या वाळूत पडलेला आहे. इराणमध्येच ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा ठाण मांडून आहेत, धान्य महाग झालंय, याच वर्षाच्या शेवटी तेहरानमध्ये पावासाठी दंगल होणार आहे. तिथे यांना कायमचं ठेवता येणार नाही.

तेव्हा चार वर्षं मागे एक फेरी मारून या. जुलै १९३८, फ्रान्समधलं एव्हियाँ, सरोवराकाठचं ऐषारामी हॉटेल. जर्मनी-ऑस्ट्रियातून हाकलल्या जाणाऱ्या ज्यूंचं काय करायचं यावर ३२ देशांचे प्रतिनिधी बोलताहेत. एकेक जण उठतो, सहानुभूती व्यक्त करतो, आपल्या देशातली बेकारी सांगतो आणि खाली बसतो. मोठ्या संख्येने माणसं घ्यायची तयारी दाखवतो तो एकटा डॉमिनिकन प्रजासत्ताक. इथे फार वेळ काढू नका. भाषणं सारखीच आहेत, आणि आजच्या वर्तमानपत्रांतही तुम्हाला ती जवळजवळ शब्दशः सापडतील.

पोलिश कुटुंबांच्या बाबतीत मात्र वाटणी झाली. युगांडा, टांगानिका, उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत. प्रत्येकाने थोडे थोडे घेतले. हे ऐकायला फार चांगलं वाटतं. पण यादी पुन्हा वाचा. यातले बरेचसे मुलूख ब्रिटिश साम्राज्यातल्या वसाहती आहेत. ब्रिटनने आश्रय दिला तो बहुतांशी दुसऱ्यांच्या अंगणात, आणि ज्यांचं अंगण होतं त्यांना विचारायची पद्धत नव्हती.

आता गाडीत बसा. काही मुलं मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशी ट्रकने वाळवंट ओलांडून आधीच मुंबईत आली, वांद्र्याला काही महिने राहिली आणि जामनगरजवळ बालाचडीला गेली. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी त्यांना जवळ केलं, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. तुमच्याबरोबरची माणसं मात्र समुद्रमार्गे कराचीला उतरली, तिथल्या तंबूंच्या छावणीत काही काळ राहिली, आणि आता जून १९४३ मध्ये मीटरगेजच्या डब्यात बसून मिरजेकडून कोल्हापूरकडे निघाली आहेत. हातकणंगले गेलं. रुकडी गेलं. पंचगंगेवरचा पूल ओलांडला. ओल्या मातीचा वास, उसाचे फड. कुणीतरी खिडकीतून हात बाहेर काढून पाऊस झेलतंय.

वळिवडे स्टेशनवर उतरा.

समोर बराकींच्या रांगा दिसतात तिथे छावणी आहे. वर कौलं, भिंती तट्ट्याच्या, पुढे पडवी. एकेका लांबलचक बराकीचे तुकडे करून एकेका कुटुंबाला बिऱ्हाड दिलंय: दोन खोल्या आणि स्वतंत्र स्वयंपाकघर. पहलवीत भेटलेली ती बाई (तिच्या डोक्यावर आता बोटभर केस आलेत) दारातच थबकते. आत जाते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. तिच्या मुलाला वाटतं काहीतरी हरवलं. हरवलं काहीच नाही. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वतःची चूल मिळाली आहे, आणि ती कुठल्या बाजूने पेटवायची एवढंच ती बघते आहे.

इथे जरा रेंगाळा, कारण मला वळिवड्याबद्दल जे सांगायचं ते या चुलीशी आहे. पाच हजारांच्या आसपास माणसं इथे राहणार आहेत. मोठमोठ्या पातेल्यांत शिजवून रांगेत ताटं वाढणं प्रशासनाला सोपं गेलं असतं. छावण्या बहुधा तशाच चालतात, अन्न वाया जात नाही, हिशेब चोख राहतो. इथे तसं केलं नाही. कुटुंबाला दरमहा भत्ता. बाजारातून तुम्हीच आणा, तुम्हीच शिजवा. त्यामुळे सकाळी आठला या बाईला ठरवावं लागतं की आज बटाटे घ्यायचे की कोबी, चपलांचे पैसे या महिन्यात बाजूला काढायचे की पुढच्या. क्षुल्लक वाटतं. पण ज्याच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय दोन वर्षं दुसऱ्याने घेतला, त्याला बाजारहाटाची कटकट परत मिळणं म्हणजे काय, हे तिच्या चालण्यावरून दिसतं.

छावणी फिरून बघा. दवाखाना, पोस्ट, एका बराकीत चर्च, नाटकाचा रंगमंच. प्राथमिक शाळा एक नाही, अनेक; वर माध्यमिक शाळा, धंदेशिक्षणाचे वर्ग. शिकवणं पोलिश भाषेतून, पुस्तकांचा तुटवडा असतानाही. स्काउटची पथकं तर इतकी जोरात की रविवारी गणवेशातल्या मुलामुलींशिवाय दुसरं काही दिसत नाही. कारभारही पोलिशच बघतात. यावर टीका करता येईल, आणि आज कुणीतरी करेलच: ही माणसं स्थानिक समाजात मिसळत नाहीत. खरंय, फारशी मिसळली नाहीत. पण ज्यांना परत जायचंय असं सगळेच धरून चालले आहेत, त्यांच्या मुलांची शाळा बुडू नये ही गोष्ट मिसळण्याच्या आधी येते असं मला वाटतं. मुलाची चार वर्षं गेली की ती कुठलाच करार परत देत नाही.

फाटकाशी केळीवाला बसतो. त्याच्याशी बोला, तो तुमच्याशी बोलेलच.

“कुठनं आलासा, पावनं?”

लांबून, म्हणा. काय म्हणतात ही मंडळी?

“मंडळी ब्येस हाईत. गोरी हाईत, पन सायेब न्हवं. सायेबाची बाई कधी सोताची कापडं धुतीया व्हय? ह्या बाया पानी भरत्यात, लाकडं फोडत्यात. माझ्यासंगट घासाघीस करत्यात ती तर इचारूच नगा.” मग तो पोलिशमध्ये आकडे म्हणून दाखवतो, एक ते दहा. पाच-सात महिन्यांत इथल्या फेरीवाल्यांना धंद्यापुरतं पोलिश येऊ लागलंय. उच्चार कोल्हापुरी, व्याकरण गुलदस्त्यात.

तुम्ही हसता, आणि तो जरा गंभीर होतो. “पर एक हाय. आमाला रेशनात काय मिळतंय त्ये ठावं हाय न्हवं? ह्यांना सरकार पैसं देतंय. आमचं सरकार आमाला काय देतंय?”

हे वाक्य नजरेआड करू नका. वळिवड्याचं कौतुक करणाऱ्या लेखांत ते येत नाही. हे १९४३ साल आहे. बंगालमध्ये याच वर्षी दुष्काळ पडलाय, त्यात तीसेक लाख माणसं मरतील असा नंतरचा अंदाज आहे, आणि तेही याच सरकारच्या राज्यात. आदल्या वर्षी जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा लाखो हिंदी माणसं अराकान आणि मणिपूरच्या डोंगरांतून पायी चालत आली, वाटेत हजारोंनी मेली. युरोपियनांची सोय वेगळी, हिंदी लोकांची वेगळी, हा भेदभाव तेव्हा भर विधिमंडळात गाजला होता. शेजारच्या सातारा भागात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहतंय. अशा वेळी गोऱ्या निर्वासितांसाठी कौलारू बराकी उभ्या राहतात, आणि केळीवाल्याला त्याचा हिशेब लागत नाही.

त्याला उत्तर देता येईल, पण ते अर्धवटच असेल. खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून नव्हे, लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारच्या खात्यावर पडतोय, आणि त्या सरकारला उसने पैसे ब्रिटन देतंय. म्हणजे केळीवाल्याच्या तोंडचा घास या बाईने काढलेला नाही. पण बंगालमध्ये जे झालं नाही ते इथे झालं, यावरून एवढं नक्की कळतं की सरकारला व्यवस्था येत नव्हती असं नाही. कुणासाठी करायची, हे ते ठरवत होतं. निर्वासितांवर राग धरणाऱ्या स्थानिक माणसाची तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. प्रश्न खरा आणि पत्ता चुकलेला. त्याला ‘माणुसकी दाखव’ म्हणून गप्प करणं सोपं, पण त्याच्या रेशनचा प्रश्न सोडवणं हाही निर्वासितांना आश्रय देण्याचाच भाग आहे, हे फार कमी सरकारांच्या लक्षात येतं.

कोल्हापूर संस्थानाचं म्हणाल तर राजाराम महाराज १९४० मध्ये गेले, गादीवर दत्तक घेतलेलं लहान मूल आहे, कारभार इतर बघतात. बालाचडीसारखा इथे मुलांना ‘मी तुमचा बापू’ म्हणणारा राजा नाही. म्हणून वळिवड्याची गोष्ट कमी सांगितली गेली. मला उलट तीच जास्त उपयोगाची वाटते. चांगला राजा दर वेळी मिळत नाही. कारकून, वाणी, डॉक्टर, मास्तरीण, पोस्टमन हे मिळू शकतात.

पोस्टाच्या रांगेत उभे राहा. मे १९४४. इटलीत १८ तारखेला पोलिश सैनिकांनी मॉन्टे कॅसिनोचा मठ सर केला आहे. छावणीत आनंद आहे आणि कुणाच्या तोंडून शब्द निघत नाही, दोन्ही एकाच वेळी, कारण या बायकांचे नवरे आणि भाऊ तिथेच लढताहेत आणि मेलेल्यांची नावं अजून आलेली नाहीत.

मग फेब्रुवारी १९४५, याल्टा. तीन मोठ्या माणसांनी नकाशावर सीमा सरकवली. ल्वूफ, विल्नो, त्या बाईचं गाव, नवऱ्याचं जंगल, सगळं सोव्हिएत संघात गेलं. युद्ध जिंकलं जातंय, आणि जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढलेल्यांचं घर त्यात गेलं. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्याच्या खात्यावर ही छावणी चालते तेच सरकार आता सरकार उरलेलं नाही. चुली पेटत राहतात, कारण खर्च ब्रिटिशांना उचलावाच लागतो, पण सगळ्यांना कळून चुकलंय की आपण पाहुणे होतो ते आता अडचण झालो.

पुढच्या वर्षाची बैठक चुकवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या मदत-पुनर्वसन संस्थेची, अनराची, माणसं आली आहेत. त्यांचं काम लोकांना घरी पाठवणं. टेबल, रजिस्टर, दुभाषा. ते नम्र आहेत. युद्ध संपलं, पोलंडला हात हवेत, जहाजाची सोय आम्ही करू. ती बाई विचारते, कुठे? पोलंडला. माझं गाव पोलंडमध्ये नाही. नव्या पोलंडमध्ये पश्चिमेला तुम्हाला घर मिळेल. (ते घर बहुधा हाकललेल्या एखाद्या जर्मन कुटुंबाचं असणार, हे टेबलावर कुणी बोलत नाही.) तिथे राज्य कुणाचं? यावर उत्तर येतं, पण लांबलचक येतं. ती रजिस्टरवर सही करत नाही.

आणि तिला कुणी ओढून नेत नाही. हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा क्षण आहे, आणि तो दिसायला काहीच नाही. एक बाई खुर्चीवरून उठून बराकीकडे जाते, एवढंच. त्याची किंमत समजायला हवी असेल तर वर्षभर मागे ऑस्ट्रियातल्या लिएन्झला जाऊन या. जून १९४५. ब्रिटिश सैनिक कोसॅक कुटुंबांना दंडुक्यांनी हाणत ट्रकमध्ये कोंबताहेत, सोव्हिएत हाती द्यायला. आया मुलांना घेऊन नदीत उड्या टाकताहेत. तिथेही करार होता, कागद होते, जहाजाऐवजी रेल्वे होती. फरक एवढाच की तिथे ‘नाही’ म्हणण्याला जागा नव्हती.

त्या दोन दृश्यांच्या मध्ये जगात काहीतरी बदललं. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला की परत जायला ज्याचा रास्त आक्षेप आहे त्याच्यावर सक्ती करायची नाही. सोव्हिएत गटाचा कडवा विरोध होता. त्यांच्या मते न परतणारा म्हणजे देशद्रोही. १९५१ च्या निर्वासित करारात हाच धागा पक्का झाला: जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलता येत नाही. एखाद्या राष्ट्राने निर्वासितांचं काय करावं, या प्रश्नाला मी एका ओळीत उत्तर द्यायचं ठरवलं तर चुलीपासून सुरुवात करीन आणि या आक्षेपापाशी थांबेन. मधलं बाकी सगळं, किती घ्यायचे, कुठे ठेवायचे, पैसे कुणी द्यायचे, ही देवाणघेवाण आहे, आणि तीत प्रामाणिक मतभेद असू शकतात.

याच १९४६ मध्ये, वळिवड्याच्या बराकी भरलेल्या असताना, दिल्लीत विदेशी नागरिकांचा कायदा झाला. निर्वासित असा वेगळा माणूस त्या कायद्याला दिसत नव्हता. १९५१ च्या करारावर भारताने सही केली नाही, १९६७ च्या पुरवणीवरही नाही, आणि निर्वासितांसाठी आजही आपला स्वतंत्र कायदा नाही. आपण तिबेटींना जमिनी दिल्या, तमिळांना छावण्या दिल्या, रोहिंग्यांना ताब्यात घेतलं. प्रत्येक वेळी निर्णय झाला तो त्या वेळच्या राजकारणाने. चांगले निर्णयही त्यात निघाले. पण मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक मेहेरबानी संपल्यावर कळतो.

तिबेटींचा विषय निघालाच आहे तर छावणीच्या कामात धडपडणाऱ्या, खादी नेसलेल्या एका पोलिश बाईंकडे बघून घ्या. वांदा दिनोव्स्का, गांधींच्या परिवारात त्या उमादेवी. त्यांचे सहकारी मॉरिस फ्रिडमन, पोलिश ज्यू इंजिनिअर. औंध संस्थानात राजाने प्रजेला सत्ता सोपवली त्या प्रयोगात अप्पासाहेब पंतांबरोबर राबलेले, आणि पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची संभाषणं इंग्रजीत आणणारे. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले तेव्हा ही दोघं पुन्हा कामाला लागली. निर्वासितांसाठी काय करायचं असतं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

१९४७ पासून छावणी रिकामी व्हायला लागते. परत पोलंडला जाणारे थोडे. ज्यांचे पुरुष ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढले त्यांना ब्रिटनने १९४७ चा पोलिश पुनर्वसन कायदा करून घेतलं. कृतज्ञता होतीच, शिवाय खाणी आणि गिरण्यांना हात हवे होते. कुणी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला. मेलेल्यांच्या कबरी कोल्हापुरात राहिल्या. लग्न करून कोल्हापूरकर झालेल्या मुलीही राहिल्या, बोटावर मोजण्याइतक्या.

शेवटच्या गाड्या सुटण्याआधीचा एक दिवस बघावा लागेल, नको वाटलं तरी. जानेवारी १९४८ चा शेवट. दिल्लीत गांधींचा खून झालाय आणि कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जळताहेत. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळतोय. परक्या देशाच्या पाच हजार माणसांना साडेचार वर्षं निभावून नेणाऱ्या गावाने आपलीच माणसं दोन दिवसांत बेघर केली. माणुसकी हा एखाद्या गावाचा स्वभाव असतो असं म्हणणाऱ्यांपासून मी म्हणूनच जरा लांब राहतो.

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबं कराची बंदरातून मुंबईला उतरली होती, आणि त्यांतली काही इथे आणली गेली. पाच वर्षांपूर्वी पोलिश बायका ज्या कराचीतून आल्या त्याच कराचीतून, त्याच तट्ट्याच्या भिंतींत. वस्तीला नाव पडलं गांधीनगर. केळीवाल्याने आता सिंधी आकडे शिकायला घेतले असतील. या लोकांना मात्र परत जायचं नव्हतं आणि पाठवायला कुणी येणारही नव्हतं. त्यांनी धंदा सुरू केला. सांगली-कोल्हापूरकडची लग्नाची घाऊक कापडखरेदी आज ज्या बाजारात होते तो हाच. हातउसने मागणारे म्हणून आलेल्यांनी पन्नास वर्षांत आजूबाजूच्या गावांना रोजगार दिला, हे दाखवायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. शनिवारी तिथे गाडी लावायला जागा शोधून बघा.

आता १९७१ च्या नोव्हेंबरात कुठल्याही मराठी गावातल्या पोस्टात शिरा. पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट चिकटवावं लागतंय, निर्वासित मदतीचं. पूर्व बंगालमधून एक कोटीच्या आसपास माणसं आली आहेत आणि प्रत्येक पत्रामागे प्रत्येक माणूस पाच पैसे देतोय. लोक कुरकुरतात, चिकटवतात. केळीवाल्याचा प्रश्न इथे निदान उघड्यावर आला: पैसे कुणाचे, तर आपल्या सगळ्यांचे, इतके आणि यासाठी. ती माणसं परतलीही लवकर, कारण डिसेंबरात त्यांचा देश त्यांना मिळाला. वळिवड्याच्या बाईला तो मिळाला नव्हता.

शेवटचा मुक्काम, मेदिका. फेब्रुवारी २०२२ चे अखेरचे दिवस, युक्रेन आणि पोलंडची सीमा. थंडी किती असते हे आता कळेल. रांगेत मराठी ऐकू येतं. मेडिकलला गेलेली पोरं, चार्ज संपलेले फोन, नांदेड, धुळे, कोल्हापूर. युक्रेनच्या बाजूला त्यांना तासन् तास मागे ठेवल्याच्या तक्रारी आहेत. पोलंडने मात्र जाहीर केलंय की भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसा नसला तरी आत घ्यायचं. पलीकडे स्वयंसेवक गरम सूप देताहेत, सिमकार्ड देताहेत. ४ मार्चला युरोपीय संघाने २००१ पासून धूळ खात पडलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम पहिल्यांदा वापरला: युक्रेनियन माणसाला लगेच राहण्याचा, काम करण्याचा, मुलांना शाळेत घालण्याचा हक्क. छावणीत बसवून ठेवणं नाही. चूल पहिल्या दिवसापासून.

याच सीमेवरून उत्तरेला गेलात की बियावोवियेझाचं जंगल लागतं. तिथे बेलारूसच्या बाजूने आलेले सीरियन, इराकी, अफगाण, येमेनी आहेत. बेलारूसच्या राज्यकर्त्यांनी त्यांना युरोपला छळण्यासाठीच विमानांनी आणून सीमेवर सोडलं, हे खरं. त्यामुळे ती माणसं खोटी ठरत नाहीत. पोलिश रक्षक त्यांना परत जंगलात ढकलतात. जून २०२२ मध्ये १८६ किलोमीटर लांब, साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण पूर्ण झालं. मार्च २०२५ मध्ये पोलंडने या सीमेवर आश्रयाचा अर्ज घेणंच स्थगित करता येईल असा कायदा केला. त्यात सूट आहे: एकट्या आलेल्या मुलांना, गरोदर बायकांना, आजाऱ्यांना, आणि परतल्यास खरा धोका आहे असं सीमारक्षकाला वाटलं तर त्या माणसाला. बालाचडीची अनाथ पोरं या सवलतीत सहज बसली असती. वळिवडे स्टेशनवर मुलांचा हात धरून उतरलेल्या धडधाकट आयांना आधी त्या रक्षकाला पटवावं लागलं असतं.